पुढचं काहीच ठाऊक नसताना रोज अभ्यासाला बसता कसं?

सड्यावरली
(सोमवार, रात्री १०:५२)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

देवगड तालुक्यातलं गाव, वय २६. कणकवलीला बीएस्सी केलं आणि तेव्हापासून सरळसेवा, राज्यसेवा, जी जाहिरात निघेल ती भरत आले. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. मी थोडक्यात राहिले. किती थोडक्यात ते लिहीत नाही, आई अजून तो आकडा ऐकला की उठून आत जाते. मग राज्यसेवेकडे वळले, तर मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. आधी २०२३पासून म्हणाले, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, मग २०२५पासून ठरलं. इतकी वर्षं गोल काळे करायची सवय लागलेल्या हातानं आता पानंच्या पानं लिहायची.

गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसते. एक टेबल, एक पंखा, खिडकीची कडी तुटलेली म्हणून ती सुंभानं बांधलेली. सकाळी आठ ते बारा, दुपारी तीन ते सात. वहीत आठ तास लागतात. खरं सांगायचं तर त्यातले तीन तास मी "हे नाही झालं तर" याच विषयाचा अभ्यास करते. त्या विषयात मला राज्यात पहिला नंबर मिळेल.

आळस नाही. हंगामात रात्री अकरापर्यंत बाबांबरोबर पेट्या ठोकते, पेंढा भरते, तेव्हा हात थांबत नाही. पुस्तक उघडलं की मात्र थांबतो. तुमच्यापैकी कोणी अशा काळातून गेलं असेल तर सांगा, रोज सकाळी उठून बसायचात कसे? प्रेरणादायी व्हिडिओ सुचवू नका. सगळे पाहून झालेत, तो पण एक अभ्यासच झाला होता.

---

गजालीकार
पयलो नंबर माझो! खुर्ची घेवन बसतंय. धागो शंभरी गाठतलो.

---

लालपरी
सड्यावरली, आपल्या मुंबई-गोवा हायवेकडे बघ. २०११पासून काम चालू आहे. इतकी वर्षं झाली, खचला का तो?

---

माडाखाली
खचला की. दर पावसाळ्यात खचतो.

---

लालपरी
:D :D गप रे, पोरीला धीर देतोय मी.

---

आबा बागायतदार
सड्यावरली बाळ, तू पेट्या ठोकतेस म्हणजे तुला हे सांगायला नकोच, पण तरी सांगतो.

आमचं वर्ष जुलै-ऑगस्टात सुरू होतं. भर पावसात बुंध्याभोवती कल्टार, म्हणजे मोहोर आणायचं औषध, घालायचं, त्याचे पैसे तेव्हाच जातात. मग थंडीची वाट. थंडी पडली तर मोहोर, मोहोर आला की तुडतुडे, तुडतुडे आवरले की फुलकिडे. फेब्रुवारीत ऊन एकदम वाढलं की सुपारीएवढी फळं टपाटप खाली. मार्चात एक अवकाळी सर आली की फवारणी पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून पेटी वाशीला गेली की दर सांगणार दलाल. आणि हापूस म्हणजे लाडावलेलं पोर, एक वर्ष धरेल, दुसऱ्या वर्षी रुसेल.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा झाडावर शेवटची तोड शिल्लक होती. सकाळी बागेत गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. जुनी तीन कलमं मुळासकट आडवी, माझ्या वडिलांनी लावलेली. मोठा मुलगा रडला. मी घरी येऊन चहा घेतला आणि जुलैच्या कल्टारचे पैसे कुठून आणायचे त्याचा हिशेब लिहायला बसलो. फार धीराचा माणूस आहे म्हणून नव्हे हो. दुसरं काही येत नाही म्हणून.

फवारणीचा पंप पाठीवर घेताना "आंबा येणार का" हा प्रश्न मी विचारत नाही. विचारला तर पंप जड होतो.

---

माडाखाली
"विचारला तर पंप जड होतो." आबा, दंडवत.

---

खाडीपलीकडचा
आबा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ही तुलना मला पटली नाही.

तुमची कलमं तुमच्या नावावर आहेत. या वर्षी आंबा नाही आला तरी झाड पुढच्या वर्षी उभं असतं. तिनं या वर्षी जे वाचलं त्याचं झाड होत नाही. भरती निघाली नाही, अभ्यासक्रम बदलला, की तेच कष्ट पुढच्या वर्षी वय होऊन अंगावर येतात.

मी पुण्यात पाच वर्षं काढली. पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, मेसचा डबा दोघांत एक. पहिली दोन वर्षं खरा अभ्यास केला. पुढची तीन वर्षं मी अभ्यासिकेत बसत होतो, कारण उठलो असतो तर "आता काय करणार" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं. कष्ट चालूच होते, रोज दहा तास. पण कष्ट करत राहणं हीसुद्धा लपायची जागा असते, हे मला कोणी सांगितलं नाही. खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत मुभा आहे, मागासवर्गीयांना ४३. मुदत जेवढी लांब तेवढा निर्णय ढकलत राहता येतो.

शेवटी वहीच्या मागच्या पानावर तारीख लिहिली. अमुक पूर्वपरीक्षेत नाही निघालो तर खोली सोडायची. नाही निघालो. सोडली. आता चिपळुणात अकाउंट्सचं काम करतो, जीएसटीची रिटर्न भरतो. गंमत अशी की तारीख लिहिल्यानंतरचे आठ महिने मी सगळ्यात चांगला अभ्यास केला.

सड्यावरली, तुझ्या वहीत तारीख आहे का?

---

आबा बागायतदार
मुद्दा मान्य आहे रे बाबा. पण "झाड पुढच्या वर्षी उभं असतं" हे तौक्त्याला कळव.

---

गजालीकार
आबांनी काढल्यान एक पेटी देवगड हापूस, खाडीवाल्यान फोडल्यान. पुढचो!

---

सड्यावरली
खाडीपलीकडचा, तारीख नाही. वाचल्यावर पोटात गोळा आला, म्हणजे बहुतेक तुमचं बरोबर असावं.

आबा, तुमचं पहिलं वाक्य वाचून मला एक सुचलं. पेट्या ठोकताना मला कधी कोणी प्रोत्साहन द्यावं लागत नाही. चाळीस पेट्या झाल्या की चाळीस पेट्या दिसतात. लक्ष्मीकांतचं राज्यघटनेवरचं जाड पुस्तक चौथ्यांदा वाचून संपवलं तर काय दिसतं? जाड पुस्तकच दिसतं.

---

दर्यावर्दी
जहाजावरून लिहितोय, नेट मिळालं तर पोचेल.

जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स केला. वडिलांची छोटी नौका होती, त्यावर कर्ज काढून फी भरली. पासआउट झालो आणि जहाजच मिळेना. एका एजंटानं पैसे घेतले, "पंधरा दिवसांत जॉइनिंग" म्हणाला आणि फोन उचलायचा बंद झाला. चौदा महिने घरी बसलो. सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, कपाटात, ब्लेझर हँगरला. मित्र लांबून हाक मारायचे, "काय कॅप्टन!"

त्या काळात मला कोणी वाचवलं असेल तर बंदीनं. तुम्हाला माहीतच आहे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. सगळ्या होड्या वर ओढलेल्या. एकसष्ट दिवस जेटीवर म्हातारी माणसं जाळी घेऊन बसतात. माझा आजा मला म्हणाला, बस इथे. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, सुईत दोरा भरायचा आणि फाटलेली भोकं धरायची. भोक म्हणजे नुसतं शिवून टाकायचं नसतं, आधी फाटलेले तुकडे कापून कडा सरळ करावी लागते, मग एकेक डोळा मोजून विणायचा. डोळा चुकला की जाळं तिथे ओढ धरतं आणि पाण्यात पहिलं तिथेच फाटतं. पहिल्या दिवशी मी सहा तासांत दोन भोकं भरली. आज्यानं एक उसवलं.

पण संध्याकाळी एक भोक भरलेलं होतं. एजंटाचा फोन आला नव्हता, कर्जाचा हप्ता तसाच होता, पण ते भोक भरलेलं होतं. मग तिथेच होड्यांच्या इंजिनांची कामं करायला लागलो, नोझल साफ कर, पंप उघड. हात काळे झाले की रात्री झोप लागायची. पुढे जहाज मिळालं तेव्हा इंजिन रूममध्ये सेकंड इंजिनिअरनं विचारलं, हे कुठे शिकलास? म्हटलं, गावच्या जेटीवर.

सड्यावरली, तू आठ तास मोजतेस. तास मोजू नकोस. संध्याकाळी बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी मोज.

---

लालपरी
दर्यावर्दी, जहाज सध्या कुठे आहे? तिकडे सुरमईचा भाव काय?

---

दर्यावर्दी
सिंगापूरच्या जवळ. आमचा कुक सुरमईला "फिश" म्हणतो आणि पापलेटलाही "फिश" म्हणतो. पुढचं बोलवत नाही.

---

मुरुडकर
(दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे. दर वेळी सांगावं लागतं.)

आमच्या गावच्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट आठवली. परीक्षेसाठी हे पोरगं भर पावसाळ्यात मुरुडहून साताऱ्याला पायी गेलं, कुंभार्ली घाट चढून. तिथे परीक्षकांनी पाहिलं आणि म्हणाले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही, बसू देणार नाही. दाखला असून दिलं नाही. मॅट्रिक झाले १८८१ला, तेविसाव्या वर्षी. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, १९५८ला भारतरत्न.

---

खाडीपलीकडचा
मुरुडकर, महापुरुषांची उदाहरणं नकोत हो. त्यांच्याबरोबर साताऱ्याला गेलेले आणि परत फिरलेले बाकीचे कोणाला माहीत आहेत?

---

मुरुडकर
मी भारतरत्नासाठी सांगितलंच नाही. मला त्या गोष्टीत परतीची वाट दिसते. एवढा घाट चढून गेलेला मुलगा "बसू दिलं नाही" हे घरी कसं सांगणार, याचा विचार करत परत निघालेला. सड्यावरली आत्ता तिथे उभी आहे, एवढंच म्हणायचं होतं.

---

माडाखाली
+१. हा प्रतिसाद पहिल्यापेक्षा भारी.

---

कोडकीडा
मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव नको, रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे. आमच्यात वेगळीच तऱ्हा. चार वर्षांपूर्वी सगळे म्हणाले कॉम्प्युटरला जा, नोकरी पक्की. आता जे मी दोन दिवस खपून लिहितो ते चॅटजीपीटी दोन मिनिटांत लिहून देतं. सर म्हणतात बेसिक पक्कं करा. बेसिक पक्कं करायला बसलो की मनात येतं, हे तरी कोणाला लागणार आहे? ताईची परीक्षा निदान होणार तरी आहे. माझी तर शर्यतीची रेषाच कोणीतरी उचलून नेतंय.

अवांतर: दहावी-बारावीच्या निकालात कोकण बोर्ड दर वर्षी राज्यात पहिलं. मग आपण सगळे जातो कुठे?

---

लालपरी
परळ, लालबाग, विरार, डोंबिवली. गणपतीला मोजून घे.

---

गजालीकार
आणि गणपतीक येवन इचारतत, "काय गो, अजून अभ्यासच काय?"

---

बाईंची वही
गजालीकारांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं, म्हणून लिहितेच.

मी डीएड झाले २००९ला. तेव्हा गल्लोगल्ली डीएड कॉलेजं होती आणि लागलीच नोकरी असा समज होता. नोकरी आलीच नाही. २०१३ला शिक्षक पात्रतेची टीईटी सुरू झाली, ती दिली. मग अभियोग्यता चाचणी येणार येणार म्हणत ती आली डिसेंबर २०१७ला. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागून मी शाळेत उभी राहिले २०१९ला. मधल्या दहा वर्षांत लग्न झालं, मुलगी झाली. दहा गणपती मी त्या एका प्रश्नाला उत्तर दिलं. शेवटी शेवटी मोदकाचं सारण ढवळत पाठ करूनच बसायचे, कोण आलं की काय सांगायचं ते.

खाडीपलीकडच्यांना एक सांगते. मी २०१५ला तारीख लिहिली असती तर आज वर्गात नसते.

---

खाडीपलीकडचा
बाई, अभिनंदन, मनापासून. पण इथे लिहायला तुम्ही आहात कारण तुमचं झालं. तुमच्या बॅचच्या ज्यांचं नाही झालं त्या हा धागा वाचत असतील तरी लिहिणार नाहीत. एक उदाहरण घेऊन सगळ्यांना "थांबा, होईल" सांगणं मला धोक्याचं वाटतं.

---

बाईंची वही
मी "थांबा, होईल" कुठे म्हटलं? आमच्या चाळीस जणींपैकी किती लागल्या ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर लिहायला इतका वेळ लावला.

ऐका. त्या दहा वर्षांत मी रिकामी नव्हते. एका खासगी शाळेत महिना अडीच हजारावर शिकवत होते. दुपारी शिकवण्या, रात्री ब्लाउज शिवायचे. अभ्यास रोज दीड तास, पहाटे, मुलगी उठायच्या आत. जास्त जमायचाच नाही. नोकरी लागली नसती तरी माझ्याकडे शिकवण्यांची पंचवीस मुलं होती आणि शिलाईची गिऱ्हाइकं होती. तुम्ही खोलीत दहा तास बसलात आणि उठायची भीती वाटली, कारण खोलीबाहेर तुमचं काहीच नव्हतं. मला उठायची भीती नव्हती, मी बसलेलीच नव्हते.

वर्गातलं एक सांगते आणि थांबते. त्या खासगी शाळेत एक मुलगा 'ळ' उलटा काढायचा. तीन महिने. माझी नोकरी टिकणार की नाही, पगार होणार की नाही, पण हा 'ळ' सरळ झाला पाहिजे असं मला झालं होतं. एके दिवशी पाटीवर काढून त्यानं माझ्यासमोर धरला. ती माझी भरती.

---

खाडीपलीकडचा
बाई, "खोलीबाहेर तुमचं काहीच नव्हतं" हे वाचून दोनदा फोन खाली ठेवला. बरोबर आहे. माझ्या तारखेवरच्या श्रद्धेत थोडी दुरुस्ती करतो: तारीख नसली तरी चालेल, पण मग दुसरा पाय जमिनीवर हवा.

---

आबा बागायतदार
मघाशी माझी कलमं माझ्या नावावर म्हणाला होतास तेच हे. दुसरा पाय.

---

खाडीपलीकडचा
हो आबा. फिरून तुमच्याच बागेत आलो.

---

माडाखाली
आबा, बागेत आलोच आहोत तर विचारतो, यंदा कॅनिंगला, रसाच्या कारखान्याला, काय दर मिळाला?

---

आबा बागायतदार
तो विषय काढू नकोस, डॉक्टरांनी मीठ आणि कॅनिंग दोन्ही बंद केलंय.

---

रंगपेटारो
मी मालवणीत लिवतंय, समजान घेवा.

मी दशावतारात काम करतंय, सतरा वर्सां झाली. दिवाळीनंतर जत्रो सुरू झाल्यो काय रोज रातीक येगळो गाव. दिवसा मी वायरिंगची कामां घेतंय. आमच्यात म्हणतत, रातीचो राजा नि सकाळी डोक्यार बोजा. ता खराच आसा. राती माका लोक नमस्कार करतत, सकाळी तोच माणूस "पंखो कदी लावतलंस" म्हणान आराडता.

पन सांगूचा येगळाच आसा. आमच्या नाटकाक लिवलेली वही नाय. तोंडाक रंग लावता लावता मालक सांगता, आज अमुक आख्यान. समोरचो राजा काय बोलतलो ता माका ठावक नाय, मी काय बोलतलंय ता तेका ठावक नाय. पेटीवालो सूर धरता नि आमी बोलूक लागतो. सुरवातीक माझी पाठ घामान भिजायची, पुढचा वाक्य येतला काय नाय. माका म्हाताऱ्या खलनायकान सांगल्यान, "पुढच्या वाक्याचो इचार करू नको. समोरचो काय बोलता ता नीट आयक, वाक्य तेच्यात आसता."

कोडकीड्या, तुझी रेषा हलता म्हणतंस. आमची कदी आखलेलीच नाय.

---

गजालीकार
रंगपेटारो, तुमचो 'राक्षस' मी बघलंय! लहानपणी मी आवशीच्या पदराखाली लपलंय.

---

रंगपेटारो
मेल्या, तेवा मी राणी करी होतंय.

---

गजालीकार
तरीच भियालंय!

---

कातळवाटाड्या
कोडकीडा, तुझ्यासाठी माझं थोडं.

मी बीए इतिहास. वर्गात पाच जण, त्यातले तीन पुरवणी परीक्षेपुरते भेटायचे. घरची जमीन म्हणजे सडा. बोडका कातळ, गवतसुद्धा नावाला. वडील म्हणायचे, इतिहास शिकलास आणि वारशात कातळ, दोन्ही सारखंच. मी रिक्षा चालवत होतो. मग आमच्या भागात कातळशिल्पं शोधणारी मंडळी येऊ लागली. लहानपणी ज्या रेघांवर आम्ही गुरं चारायचो ती माणसं, मासे, हत्ती निघाले. कशेळीचा हत्ती जवळजवळ अठरा मीटर लांब आहे, आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. २०२२मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आता सुट्टीच्या दिवसांत मी लोकांना ती दाखवतो. उन्ह तिरपं असताना न्यावं लागतं, सकाळी नाहीतर सूर्य कलताना, भर दुपारी रेघ दिसतच नाही.

कॉलेजात असताना हे काम जगात नव्हतं. त्यामुळे त्याची तयारी केली असं मला म्हणता येणार नाही. वाचायची आवड होती आणि कातळ पायाखाली होता. रिक्षा अजून आहे, पावसाळ्यात तीच चालते.

---

कोडकीडा
दादा, कधी येऊ बघायला? चार जण आहोत.

---

कातळवाटाड्या
आता पाऊस लागला, निसरडं आहे. दिवाळीनंतर या. पाणी आणि टोपी आणा, पॉवर बँक नको, रेंजच नाही.

---

परिचारिका
एक वेगळा मुद्दा, कोणी बोललं नाही म्हणून. सड्यावरली, "हात थांबतो" यात नुसता कंटाळा असेल तर वरचं सगळं उपयोगी आहे. पण दोन-तीन आठवडे झोप उडालीय, जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, असं असेल तर ते जिद्दीनं ढकलायचं प्रकरण नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. आमच्या ओपीडीत भरतीची तयारी करणारी मुलं डोकेदुखी आणि पित्त सांगत येतात. गोळी पित्ताची नेतात, दुखणं दुसरंच असतं.

---

सड्यावरली
परिचारिका ताई, थँक्यू. झोप लागते. जेवणाचं तर विचारूच नका, फणस संपेपर्यंत घरात कोणाला दुसरं सुचत नव्हतं. पण नंबर लिहून ठेवला, अभ्यासिकेतल्या एका मैत्रिणीला द्यायचा आहे.

सगळ्यांचं दोनदा वाचलं. लाइट गेली आहे, मोबाइल १२ टक्के. नंतर लिहिते.

---

लालपरी
लाइट गेली म्हणजे पाऊस वेळेवर आला.

---

सड्यावरली
(पाच आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, रागावू नका.

दर्यावर्दींनी "बोट ठेवून दाखवता येईल असं" म्हटलं होतं. तास लिहायची वही बंद केली. आता रोज एक उत्तर, हातानं, दोन पानं, संध्याकाळी सहाच्या आत. निवृत्त मास्तर आहेत गावात, ते लाल पेननं तपासतात. पहिल्या उत्तरावर त्यांनी लिहिलं, "माहिती भरपूर. म्हणणे काय?" आठवडाभर तेच. काल पहिल्यांदा एका परिच्छेदाला बरोबरची खूण मिळाली. वही उशाशी घेऊन झोपले, हसू नका.

दुसरा पाय: शेजारच्या गावातल्या रोपवाटिकेत सकाळी सात ते दहा कोय कलमं बांधायला जाते. नगावर पैसे. कोय रुजून पंधरा दिवसांचं रोप झालं की पानं अजून तांबूस असतात, तेवढ्यातच बांधावं लागतं. बोटभर देठ ठेवून शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी खालून वर आवळत आणायची. पट्टी सैल राहिली तर पाणी आत जातं, फार आवळली तर कोवळं देठ चेपतं. पहिल्या दिवशी चाळीस बांधली. त्यातली सतरा जगली. बाई जुन्या आहेत तिथल्या, त्या म्हणाल्या, माझी पहिल्या वर्षी अकरा जगली होती. आता शंभरातली सत्तरच्या आसपास लागतात.

खाडीपलीकडचा, तारीख लिहिली. इथे सांगत नाही. वहीच्या मागच्या पानावर आहे आणि आईला माहीत आहे. आईला सांगणं परीक्षेपेक्षा अवघड गेलं. ती काही बोलली नाही, उठून आतही गेली नाही. कुळथाची पिठी वाढली.

"हे नाही झालं तर"चा अभ्यास अजून होतो. पण तीन तासांचा आता अर्धा-पाऊण तास झालाय, बहुतेक कलमं बांधतानाच उरकतो.

---

बाईंची वही
"म्हणणे काय?" मास्तरांना माझा नमस्कार सांग. ही ओळ मी उद्या सातवीच्या निबंधांवर लिहिणार.

---

खाडीपलीकडचा
तारीख सांगू नकोस. मी विचारणारही नाही. गणपतीत घरी आलीस तर—

---

सड्यावरली
मी घरीच असते! तुम्ही चाकरमानी. आणि "अजून अभ्यासच का" विचारलंत तर मोदक मिळणार नाही.

---

आबा बागायतदार
सत्तर टक्के पहिल्याच वर्षी? बाळ, मला पंधरा कलमं पाहिजेत, पडलेल्यांच्या जागी. तू बांधलेलीच दे. कधी नेऊ?

---

सड्यावरली
आबा, आत्ता नको, नवी पालवी नीट फुटू दे. मालकांना विचारून तुमच्या नावाची पंधरा वेगळी ठेवते, पिशव्यांना लाल दोरा बांधून. पाऊस थोडा ओसरला की या. आणि टेम्पो खालीच थांबवा, सड्याच्या चढणीला शेवाळ आहे, गेल्या आठवड्यात दुधवाला घसरला.